तांदळाचं धुवण

आमच्या घरात दोन गोष्टी जिवंत ठेवाव्या लागत, आणि दोन्ही आईच्या गळ्यात होत्या. एक स्वयंपाकघरातलं विरजण आणि दुसरी बाबांची बरणी. विरजण आईच्या माहेरचं, हिंजवडीचं. लग्नात तिच्या आईने भांडीकुंडी बेताचीच दिली, पण वाटीला फडकं बांधून विरजण मात्र दिलं, आणि कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत आईने ते कधी तुटू दिलं नाही. शेजारच्या बायका मागायला यायच्या. दिवेलागणी झाली असली की आई सरळ नाही म्हणायची, सकाळी या म्हणायची. बाबांची बरणी खिडकीत असे. बाबा कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला हलतेचालते एकपेशीय जीव लागत, म्हणून ते वाळकं गवत उकळून त्यात नदीचं पाणी घालून ठेवायचे. कुजक्या गवताचा तो वास आमच्या पडद्यांना, पुस्तकांना, माझ्या शाळेच्या दप्तरालाही होता. बरणीतल्या मंडळींना अधूनमधून तांदळाचे दाणे घालावे लागत. ते बाबांच्या कधी लक्षात राहिलं नाही. आई दाणे टाकायची आणि म्हणायची, ह्यांचे पाहुणे, आणि रांधणार मी.

जेवताना वाद ठरलेला. आंबेमोहोर भात, आमटी, शेवटी दहीभात, आणि दहीभाताबरोबर बाबांचं व्याख्यान. त्यांचं म्हणणं असं, की ह्या एका पेशीच्या जिवांना कळत-बिळत काही नाही. खारट लागलं की मागे फिरतात, अन्न लागलं की पुढे येतात, एवढंच. दाराची बेल दाबली की वाजते, तिला काय पाहुणा कळतो का, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. वर्गातही ते हेच सांगत, आणि मुलं हसत. आई एकदा ताक ओतता ओतता म्हणाली, "तुम्हाला तरी कुठे कळतो? दार मलाच उघडावं लागतं." बाबांनी ताकाची वाटी पुढे केली. मी इतकी हसले की ठसका लागला.

हल्ली माझा नातू मला मोबाइलवर काही काही दाखवत असतो. परवा एका पिवळ्या बुरशीसारख्या जिवाचं चित्रण दाखवलं. त्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, पण भुलभुलैयात सोडला तर खाण्यापर्यंतची जवळची वाट तो शोधून काढतो. आजी, हाऊ क्यूट ना, म्हणाला. हा नातू हिंजवडीत नोकरी करतो. त्याचं ऑफिस जिथे उभं आहे तिथे कुठेतरी माझ्या मामाची भातखाचरं होती. नेमकी कुठे, ते आता मामा असता तरी त्याला सांगता आलं नसतं. नातवाने विचारलं, तुला काय वाटतं, त्याला समजत असेल का? मी म्हटलं, माझं जेवण व्हायचंय अजून. त्याला वाटलं आजीला विषय झेपला नाही. वाटू दे.

कुंकवाची गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. एका रविवारी बाबांना कॉलेजातून घरी आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली बरणीच्या पाण्यात एक तुतारीच्या आकाराचा जीव सापडला. गवताच्या काडीला पायाने चिकटलेला, तोंड वर, आणि तोंडाभोवतीचे केस सारखे फिरत असलेले. बाबा खूश. त्यांना त्याच्यावर बारीक पूड सोडून बघायची होती. पूड कुठली, तर आईच्या करंड्यातलं कुंकू. आई म्हणाली, लावायला पुरत नाही आणि ह्यांना किड्याला लावायचंय. पण तीही बघायला आली. बाबांनी कुंकवाचं पाणी थेंब थेंब सोडलं. तो तुतारीवाला आधी नुसता एका बाजूला वाकला. पुन्हा सोडलं, तेव्हा त्याने केस उलटे फिरवून कुंकू बाहेर लोटलं. पुन्हा सोडलं, तेव्हा अंग आक्रसून गोळा झाला. जरा वेळाने हळूच उघडला, तर बाबा पुन्हा थेंब घेऊन तयारच. शेवटी त्याने काडी सोडली आणि पोहत दिसेनासा झाला. आईने भिंगावरून डोळा काढला.

"कंटाळला बिचारा," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, ही प्रतिक्रिया आहे, कंटाळा नव्हे. कंटाळा यायला आत कोणीतरी असावं लागतं. आई पदराला हात पुसत उठली होती. "आत कोणी नाही, तर मग उठून गेलं कोण?" असं विचारून ती गवार मोडायला निघून गेली. बाबा बराच वेळ भिंगात शोधत राहिले. तो काही त्यांना परत सापडला नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आईला ताप आला. साधा म्हणता म्हणता ती बरळायला लागली, मग ओळखेना, मग इस्पितळात ठेवावं लागलं. मी तेव्हा बारावीत होते. ती वाचली. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी आम्हा दोघांना बसवून नीट सांगितलं, की मेंदूला सूज आली होती, मागचं पुष्कळसं पुसलं गेलं आहे आणि पुढचं नवीन काही आता राहणार नाही. सांगितलेलं घटकाभरात जाईल. बाबांनी ते एखाद्या विद्यार्थ्यासारखं मान हलवत ऐकलं. मी इस्पितळाच्या जिन्यात बसून रडले, आणि बाबा माझ्या शेजारी पिशवी धरून उभे राहिले.

घरी आणलं तेव्हा आईने चपला दाराबाहेर काढल्या, आत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पाहुणे बसतात तशी. मी पाणी दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाली, "अहो, आपण कोण?" ही माझी आई. मला नले, भवाने, घोडे म्हणणारी. मार खाल्ला असता, पण ते 'आपण' सोसलं नाही. बाबांनाही ती अहो म्हणायची, पण दूधवाल्यालाही अहोच म्हणायची, त्यामुळे त्यात धरायला काही नव्हतं. बाबा मात्र धरून बसले. बघ, मला अहो म्हणाली, असं ते मला हळूच सांगायचे.

पण हात तिचे तेच होते. पहिल्याच संध्याकाळी ती उठली, कोणी न सांगता स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचा दही लावायचा चिनीमातीचा सट खाली घेतला. दूध तापवून निवत ठेवलेलं होतं. तिने त्यात करंगळी बुडवली, जराशी थांबली, पुन्हा बुडवली. मग दूध सटात ओतलं, विरजणाची वाटी ओढली, बोटाने पाव चमचाभर घेतलं, दुधात फिरवलं, वर ताटली, ताटलीवर पंच्याचा तुकडा. सट पिठाच्या डब्याशेजारी सरकवला, तिथे ऊब असते म्हणून. इस्पितळाच्या दिवसांत विरजण मी कसंबसं टिकवलं होतं, पण दही कधी पातळ, कधी चिकट. दुसऱ्या दिवशी सकाळी सट उघडला तर सुरीने कापावं असं दही. बाबा दहीभात जेवले आणि तसेच उष्ट्या हाताने बसून राहिले.

मग रोजचं तेच झालं. दिवसभर ती कोणाच्या तरी घरी आल्यासारखी बसायची, खिडकीबाहेर बघायची, मधेच उठून निघते म्हणायची. एकदा निघालीच, आणि बसथांब्यावरून कोणीतरी ओळखीच्याने परत आणली. एकदा गॅस नुसताच सोडून ठेवला. माझं कॉलेज बंद झालं. तिला एकटी टाकून जाणार कसं? पण संध्याकाळ झाली की ती यायची स्वयंपाकघरात, आणि तेवढा वेळ आमच्या घरात आई असायची. मी ओट्याशी नुसती उभी राहायचे.  ती करंगळी बुडवायची, थांबायची. त्या थांबण्यात मला ती दिसायची.

मामा आला तो नव्या तांदळाच्या आधी, जुना तांदूळ घेऊन. आईचा थोरला भाऊ, शेतकरी माणूस, कमी बोलणारा. तो दिवसभर बसला, तिने त्याला दोनदा नाव विचारलं, त्याने दोनदा सांगितलं. मग बाबांना म्हणाला, "दाजी, इंदीला मी न्हेतो. तिला हितं काय अन् तितं काय, समदं सारखंच हाय. घरात चार बाया हायेत, लक्ष ऱ्हाईल. पोरीचं कालेज तरी व्हईल." त्यात लागट काही नव्हतं. उलट मला ते ऐकून क्षणभर हलकं वाटलं, आणि मग स्वतःचा राग आला. बाबा म्हणाले, सारखं कसं असेल, तिला हे घर कळतं. मामाने विचारलं, कशावरून? बाबांनी सट दाखवला. दूध गरम असलं तर ती थांबते, गार झालं असलं तर पुन्हा तापवते, म्हणाले. हे समजल्याशिवाय होतं का?

मी तिथेच तांदूळ निवडत होते. माझ्या तोंडून गेलं, "बाबा, बेल दाबली की वाजते, असं तुम्हीच म्हणायचा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. सट जागेवर सरकवला. म्हणाले, ठीक आहे, बघू. मामाला म्हणाले, तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबा. जर तिला नाही कळलं तर न्या, मी एक शब्द बोलणार नाही. आणि कळलं तर ती इथेच राहील.

आणि मग बाबांनी तांदळाचं धुवण घेतलं. मामाने आणलेलेच तांदूळ मी धुतले होते. त्यांचं पाणी दुधासारखं पांढरं. ते त्यांनी दुधाच्या पातेल्यात ओतलं, कोमट केलं आणि ओट्यावर रोजच्या जागी ठेवलं. प्रयोगशाळेत सामान मांडावं तसं सगळं मांडलं. वास दुधाचा नाही, साय नाही, बोटाला चिकटपणा नाही. ज्या बाईचा जन्म दुभत्यात गेला तिला हे कळणार नाही असं होणारच नाही, असा त्यांचा हिशेब. आई आली. सट घेतला, धुवणात करंगळी बुडवली. थांबली.  मग तिने धुवण सटात ओतलं, विरजणाची वाटी ओढली, बोटाने घेतलं, फिरवलं, ताटली, पंचा. सट पिठाच्या डब्याशेजारी.

मामा उंबऱ्यात बसला होता. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली आणि उठला. भाताची काढणी झाली की न्यायला येतो, म्हणाला. सकाळी आईने सट उघडला आणि ते आंबूस पाणी डावाने बाबांच्या भातावर वाढलं. बाबांनी ते निमूट खाल्लं.

इथे थांबायला हवं होतं. पण बाबा शास्त्राचे माणूस. एकदा केलेल्या प्रयोगाला काही अर्थ नसतो, हे ते वर्गात सांगत आले होते. तिचं त्या दिवशी लक्ष नसेल, मामा समोर असल्यामुळे बावरली असेल, पुन्हा करून पाहायला हवं. काढणीला अवकाश होता. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा धुवण. तिसऱ्याही. मी म्हटलं, बाबा, पुरे. ते म्हणाले, मी काही वाईट करतोय का, ती राहावी म्हणूनच करतोय ना? हे खरंच होतं. त्यांना ती हवी होती. रोज संध्याकाळी ते पातेलं मांडून दाराआड उभे राहत, आणि रोज सकाळी ती वाढेल ते पाणी खात. आमच्या घरात दही असं उरलंच नाही. जुन्या विरजणाची वाटी मी रोज सकाळी ती अंघोळीला गेली की थोड्या खऱ्या दुधात वेगळी जगवत होते, ती तेवढी राहिली.

मग एका संध्याकाळी आईने करंगळी बुडवली, आणि लगेच काढून घेतली. बोटाकडे पाहिलं. पातेलं हळूच हाताने पुढे लोटलं, जेवण नको असलं की ताट लोटतात तसं. सट फळीवर ठेवून दिला, पदराला हात पुसला आणि गॅलरीत जाऊन बसली.

बाबा दाराआडून आले ते अक्षरशः नाचत. "पाहिलंस? नले, पाहिलंस? कळलं तिला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला धरून त्यांनी गदागदा हलवलं. मी हसले नाही. मला ती काडी दिसत होती, आणि तो तुतारीवाला. वाकला, लोटलं, आक्रसला, गेला.  पण त्यांचा आनंद मी इतक्या दिवसांनी पाहत होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः जाऊन म्हशीचं दूध आणलं. आता पुरावा मिळाला होता, आता दही लावायचं होतं. दूध तापवलं, निववलं, पातेलं ओट्यावर. आई आलीच नाही. बाबांनी हाताला धरून आणली. तिने पातेल्याकडे पाहिलं, बोटही न बुडवता लोटलं आणि गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. बाबांनी पातेलं बदललं, जागा बदलली. मी मांडून पाहिलं, शेजारच्या काकूंनी मांडून पाहिलं. साय दिसावी म्हणून बाबांनी घट्ट सायीचं दूध ठेवलं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी येई, पातेलं दिसलं की फिरे.

डॉक्टर म्हणाले होते, नवीन काही राहणार नाही. आणि खरोखरच काही राहिलं नाही. माझं नाव तिच्या पुन्हा कधी लक्षात राहिलं नाही, घराचा पत्ता राहिला नाही, मी हजारदा सांगितलेलं 'मी तुझी मुलगी' हेही राहिलं नाही. आजारानंतर आईच्या ठायी एकच नवी गोष्ट रुजली, ती म्हणजे ह्या घरात आपल्याला फसवतात ही. ती डोक्यात राहिली की बोटात, ते मला ठाऊक नाही. पेशीपेशीत शहाणपण असतं असं हल्ली म्हणतात, असेलही. मला त्या शहाणपणाचं कौतुक करता येत नाही.

काढणी झाली आणि मामा आला. त्याने काही विचारायच्या आत बाबा म्हणाले, "न्या." मी तिच्या लुगड्यांचं गाठोडं बांधलं. विरजणाच्या वाटीला फडकं बांधून बाबांनी ती तिच्या हातात द्यायला नेली, पण तिने हात मागे घेतले, म्हणून वाटी मी घेतली आणि बसमध्ये हिंजवडीपर्यंत मांडीवर धरून बसले. मला पुन्हा कॉलेज सुरू करता आलं. मी शास्त्र सोडून वाणिज्य शाखा घेतली. बाबांनी कारण विचारलं नाही. खिडकीतली बरणी त्यांनी धुऊन मोरीत उपडी घातली, आणि पडद्यांचा वास जायला मात्र पुष्कळ दिवस लागले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक जण मला पुढे बँकेत भेटला. म्हणाला, सर एकपेशीय जिवांचा तो धडा शिकवायचे, पण कोणी विचारलं की सर, त्याला कळतं का हो, की म्हणायचे, पुढचं पान काढा.

बाबा दर रविवारी हिंजवडीला जात. मीही बऱ्याचदा जाई. मामाच्या अंगणात आई बाजेवर बसलेली असे, तब्येतीने बरी, केस विंचरलेले. आम्हाला पाहून या, बसा म्हणे. एका रविवारी संध्याकाळी मामी दूध तापवून ओसरीवर निवत ठेवून आत गेली होती. आमचा सट आता तिथेच असे. बाबा उठले. त्यांनी दूध सटात ओतलं, विरजणाची वाटी घेतली आणि दोन्ही आईसमोर बाजेवर ठेवली. स्वतः खाली जमिनीवर बसले. मामा गोठ्याशी होता, त्याने पाहिलं आणि तो तिथेच थांबला.

आईने सट पुढे लोटला.

बाबांनी तो पुन्हा तिच्याकडे सरकवला. आत कोणी नसतं असं ज्यांनी अख्खा जन्म शिकवलं, ते माझे बाबा खालून तिच्या तोंडाकडे बघत होते. "इंदू, आज खरं दूध आहे गं," ते म्हणाले. "तुझी शपथ, आज खरं आहे."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. दारी आलेल्या, दमलेल्या कोणा परक्या माणसाकडे पाहावं तसं, अगदी मायेने.

"अहो, राहू द्या," ती म्हणाली. "कशाला उगाच त्रास घेता." आणि पदराला हात पुसत उठून आत गेली.